पंचाहत्तर टक्के भरवशाचं धरण आणि रोज तहानलेलं शहर: लातूर, 2016

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची गाडी लातूरला पोचली. प्रत्येक वाघिणीत साधारण 50,000 लिटर, म्हणजे सगळं मिळून 5 लाख लिटर पाणी. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणलेल्या वाघिणी, वर 'जलदूत' हे नाव, फलाटावर हार आणि कॅमेरे. आठवडाभरात 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला 25 लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या आणि सुमारे 25 कोटी लिटर पाणी शहरात आलं.

आकडा मोठा वाटतो. पण लातूरची तेव्हाची लोकसंख्या, क्लासेसची मुलं आणि हद्दीबाहेरच्या वसाहती धरून, 5 लाख मानू. 25 लाख लिटरची अख्खी गाडी म्हणजे माणशी 5 लिटर. शहराच्या पाणीयोजना आखताना माणशी रोज 135 लिटर धरतात. त्या हिशेबाने शहराची गरज रोज 6 कोटी 75 लाख लिटर. चार महिने धावलेल्या गाडीने जे आणलं ते शहराला पूर्ण दराने दिलं असतं, तर चार दिवसही पुरलं नसतं.

गाडी निरुपयोगी होती असं मला म्हणायचं नाही. त्या उन्हाळ्यात माणशी 5 लिटर ही चैन होती, आणि मिरज ते लातूर हे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं काम रेल्वेने चोख केलं. (मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही पूर्वीची 'बार्शी लाइट' अरुंद रुळांवरच राहिली असती, तर 50 वाघिणींची गाडी आणणं कुणाला सुचलंही नसतं.) पण गाडी ही शेवटची पायरी होती. ह्या प्रकरणात पाहायचं ते शहर त्या पायरीपर्यंत कसं घरंगळलं हे.

उन्हाळ्यापूर्वीचा उन्हाळा

गाडी येण्याआधीच, मार्चमध्ये, जिल्हा प्रशासनाने पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती. कलम 144, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. भांडणं, दगडफेक, टँकर अडवणं होईल ही भीती. नळ बंद पडले होते आणि पालिकेचा टँकर घराला आठवड्याला 200 लिटर देत होता. ज्यांच्याकडे पैसा होता ते खासगी टँकर आणि जार घेत होते. ज्यांच्याकडे नव्हता ते घागरी, कॅन, रंगाचे रिकामे डबे रांगेत ठेवून रात्र काढत होते. वसतिगृहं ओस पडली. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणीसाठी गावोगावहून आलेली मुलं सुट्टी लागताच घरी गेली, काही लागायच्या आधीच गेली.

बोअर होतेच, शेकड्यांनी. पण मराठवाड्याच्या पोटात बेसाल्टचा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत, वाळूसारखं सर्वत्र भरून राहत नाही. पाचशे फूट, आठशे फूट जाऊन फुफाटा उडतो तो ह्यामुळे. खोल गेलं म्हणजे जास्त पाणी लागेल हा समज बोअरच्या गाड्यांना फायद्याचा आहे, घरमालकाला नाही. एका वर्षी भेग लागलीच तर ती शेजाऱ्याच्या बोअरचीही असते.

धरण कुणासाठी

लातूरचा मुख्य आधार म्हणजे धनेगावचं मांजरा धरण. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. मांजरा बालाघाटच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. सह्याद्रीच्या धुवांधार पावसाशी ह्या नदीचा संबंध नाही. पर्जन्यछायेत जे पडेल तेवढंच तिचं. धरणाची एकूण क्षमता 224 दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा सुमारे 177 आणि मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारं तळाचं पाणी, 47. (एक दलघमी म्हणजे 100 कोटी लिटर. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं गणित तोंडी होतं.)

हे धरण शेतीसाठी बांधलं गेलं. लातूर, औद्योगिक वसाहत, अंबाजोगाई, केज, कळंब अशी पाणी पिणारी गावं त्याला नंतर एकेक करून जोडली गेली. ह्यात वरवर काही गैर दिसत नाही. धरण आहे, पाणी आहे, नळ टाका. अडचण भरवशाच्या व्याख्येत आहे. सिंचन प्रकल्प आपल्याकडे सर्वसाधारणपणे 75 टक्के विश्वासार्हतेवर आखतात, म्हणजे चारपैकी तीन वर्षं पुरेसं पाणी मिळेल असं गृहीत धरून. अवर्षणप्रवण भागात 50 टक्केही चालवून घेतात. शेतीला हे परवडतं. चौथ्या वर्षी ऊस नाही लावला, हरभरा केला, किंवा रान पडीक ठेवलं. पिण्याच्या पाण्यासाठी निकष 95 टक्क्यांच्या पुढचा असतो, कारण चौथ्या वर्षी माणूस पडीक ठेवता येत नाही.

म्हणजे धरण न भरणं हा अपघात नव्हता. ते कागदावर पहिल्या दिवसापासून मान्य होतं. चारातलं एक वर्ष वाईट, तर लागोपाठ दोन वाईट येण्याची शक्यता सोळात एक. तीस वर्षांच्या योजनेत असं एक-दोनदा घडणारच. शिवाय ही शक्यता वर्षं एकमेकांपासून सुटी धरून काढलेली आहे, आणि दुष्काळ तसे सुटे येत नाहीत. 2012 वाईट गेलं. 2014 आणि 2015 ह्या दोन्ही पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा साधारण 40 टक्के कमी पाऊस झाला. धरण तळाला गेलं, मग मृतसाठ्यातून उपसा झाला, मग तोही आटला.

'अभूतपूर्व दुष्काळ' हा शब्द त्या वर्षी फार वापरला गेला. वाईट होता यात शंका नाही. पण लागोपाठच्या दोन कोरड्या वर्षांनी जे शहर कोलमडतं, त्याच्या आराखड्यात कोरड्या जोडवर्षाचा रकाना नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

15 ऑक्टोबरची बैठक

धरणातल्या पाण्याचं भवितव्य ठरतं ते पावसाळा संपल्यावर. 15 ऑक्टोबरचा साठा पाहतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर पिण्यासाठी आरक्षण ठरतं, कालवा सल्लागार समितीत शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात. पिण्याला पहिला मान हे राज्याच्या जलनीतीत 2003 पासून स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि कुणी ते नाकारतही नाही. आरक्षण खरोखर होतं.

पण आरक्षण असतं पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं. म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत शहराला लागेल तेवढं बाजूला काढायचं, उरलेलं आवर्तनांना. धरण भरलेल्या वर्षी हे फार उदार वाटतं, कारण शहराचा वाटा काढूनही भरपूर उरतं. त्या उरलेल्या पाण्यात पुढच्या वर्षीचा शहराचा वाटा आहे, हे म्हणणारी खुर्चीच त्या बैठकीत नसते. पुढच्या वर्षी पाऊस पडेलच, ही त्या कागदावर न लिहिलेली ओळ.

आणि उसाला पाणी हवं असतं, आत्ता, समोर बसून. धरणाखाली मांजरेवर उंच बंधाऱ्यांची साखळी आहे, कडेने साखर कारखाने आहेत, आणि शेतकऱ्याला खात्रीचा भाव देणारं दुसरं पीक कुणी उभं केलेलं नाही. ऊसवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. मला त्यात रस नाही, कारण सोयाबीनच्या भावावर एक वर्ष संसार करून पाहिला की ऊस का लावतात ते कळतं. पण गणित टाळून चालत नाही.

पाटाच्या पाण्यावरच्या उसाला वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी लागतं. एका हेक्टरवर दोन मीटर म्हणजे 2 कोटी लिटर. जलदूतने चार महिन्यांत आणलेलं 25 कोटी लिटर म्हणजे साडेबारा हेक्टर उसाचं पाणी. एकरात सांगायचं तर एकतीस एकर. एखाद्या मोठ्या शेतकरी कुटुंबाची जमीन.

आता अख्ख्या शहराचं बघू. रोज 6.75 कोटी लिटर, वर्षाला सुमारे 2,460 कोटी लिटर, म्हणजे 25 दलघमी. हे जेमतेम साडेबाराशे हेक्टर उसाचं पाणी. लातूर जिल्ह्यातलं उसाचं क्षेत्र ह्याच्या कैक पट आहे. उपयुक्त साठ्याशी तुलना केली तर पूर्ण भरलेल्या मांजरा धरणातला सातवा हिस्सा. ठिबकने ऊस अर्ध्या पाण्यात होतो असं धरलं, तरी प्रमाण तेच सांगतं: लातूर शहर मांजरेच्या खोऱ्यातला लहान गिऱ्हाईक आहे. लहान गिऱ्हाईक तहानेने मरतो, तेव्हा दुकानात माल नव्हता हे कारण पुरत नाही.

दोन वर्षांची शिदोरी

मग 25 दलघमी दोनदा बाजूला काढले की झालं? इतकं सोपं नाही, आणि नियोजनाची खरी किंमत इथेच दिसते.

साठवलेलं पाणी उडून जातं. आपल्या भागात उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड ते दोन मीटरचा थर बाष्प होऊन जातो, आणि मांजरासारखा पसरट, उथळ जलाशय ह्यात फार मार खातो. म्हणून दुसऱ्या वर्षाचं पाणी ठेवायचं तर त्याच्या जवळपास दुप्पट ठेवावं लागेल असं धरू. ढोबळ हिशेब असा: शहराचं पहिलं वर्ष 25, बाकी गावं आणि वसाहतीचे 10 धरले, तर 35. दुसऱ्या वर्षाचेही 35, आणि त्यांच्या राखणीपोटी बाष्पीभवनाचे आणखी 35. एकूण 105 दलघमी. मृतसाठ्याचे 47 ह्यात धरता येतात, पण त्यासाठी जॅकवेलचं, म्हणजे शहरासाठी पाणी उपसणाऱ्या विहिरीचं, तोंड पुरेसं खाली हवं आणि तळाचं गढूळ पाणी शुद्ध करण्याची तयारी जलशुद्धीकरण केंद्रात आधीपासून हवी. ऐनवेळी चर खोदून नव्हे. उरतात 58, ते उपयुक्त साठ्यातून, म्हणजे 177 मधला एक-तृतीयांश.

म्हणजे धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही शेतीला 177 ऐवजी 119 मिळतील. निम्मं भरलेल्या वर्षी फारच थोडं. ही किंमत शेतकऱ्याने का मोजावी, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: फुकट मोजू नये. शहराने राखीव पाण्याचे पैसे दरवर्षी द्यावेत, वापरलं नाही तरी, विम्याच्या हप्त्यासारखे, आणि तो पैसा ह्याच लाभक्षेत्रातल्या ठिबकला जावा. एका उन्हाळ्यातले टँकर, वाघिणी, बंद पडलेली रुग्णालयं आणि क्लासेस ह्यांचा खर्च कुणी एका वहीत मांडला, तर हा हप्ता महाग दिसणार नाही.

असं कुठे होतं का? दक्षिण आफ्रिकेत केप टाउन शहरावर 2015 ते 2017 असे तीन कोरडे हिवाळे आले (तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो). तिथे धरणं शहर आणि शेती मिळून वापरतात, पण कोणत्या पातळीला कुणाची किती कपात हे जाहीर असतं. फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा आली, शेतीच्या वाट्यात मोठी कपात झाली, आणि खोऱ्यातल्या एका शेतकरी संघाने आपल्या खासगी तलावांतलं सुमारे 10 दलघमी पाणी शहराच्या व्यवस्थेत सोडलं. नळ बंद होण्याचा दिवस, ज्याला 'डे झिरो' म्हणत होते, तो आला नाही. त्यांचं सगळं आदर्श होतं असं नाही. निर्णय तिथेही उशिराच झाले. पण माणशी रोज 50 लिटर नळातून देणं आणि घराला आठवड्याला 200 लिटर टँकरने देणं ह्यांतल्या अंतरात संपूर्ण एक शहर बसतं.

दूरचं पाणी

लातूरमध्ये पाण्याचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला 'उजनी' येतं. निवडणूक असेल तर पहिल्याच मिनिटाला. भीमेवरचं उजनी मोठं आहे, त्याला पुण्याकडच्या घाटमाथ्याचं पाणी मिळतं, म्हणून मांजरा कोरडं असताना उजनीत असेल, हा तर्क चुकीचा नाही. स्रोत वेगळ्या पावसावर अवलंबून असणं ही विश्वासार्हतेची पहिली अट आहेच. पण 2016 च्या उन्हाळ्यात उजनी स्वतः मृतसाठ्याच्या खाली होतं. जायकवाडीही. नळाच्या दुसऱ्या टोकाला त्या वर्षी काय होतं, हे विचारल्याशिवाय कोणतीही पाइपलाइन आखू नये. मिरजेला पाणी मिळालं, कारण कृष्णा-वारणेच्या वर कोयनेसारखी सह्याद्रीतली धरणं आहेत.

मराठवाडा वॉटर ग्रिडचा विचार ह्याच दिशेचा. 2018 मध्ये इस्रायलच्या मेकोरोत कंपनीशी आराखड्याचा करार झाला, मराठवाड्यातली अकरा धरणं वाहिन्यांनी जोडायची कल्पना मांडली गेली. अकरा भांडी एकमेकांना जोडली तर एक उपडं पडल्यावर दुसरं उपयोगी येतं. पण अकराही भांडी एकाच कोरड्या आकाशाखाली असतील तर नळ्यांतून हवा येते. बाहेरचं पाणी जायकवाडीत किंवा उजनीत किती आणि कोणत्या वर्षी येईल, हा ग्रिडचा मूळ प्रश्न. विजेचं बिल हा दुसरा, आणि तो प्रत्येक महिन्याला येतो.

शहराच्या आतलं धरण

भारतीय शहरांत साधारण तिसरा हिस्सा पाणी हिशेबाबाहेर जातं: गळती, बेकायदा जोडण्या, न मोजलेला वापर. लातूरची गळती 35 वरून 20 टक्क्यांवर आणली, तर रोज 1 कोटी लिटर वाचतं. ह्या चार जलदूत गाड्या, दररोज, बारा महिने, आणि त्यांना इंजिन लागत नाही.

मात्र आठ-दहा दिवसांआड पाणी सुटणाऱ्या शहरात गळती सापडतच नाही. नळ कोरडा असताना पाइप गळत नाही, आणि सुटल्यावर दोन तासांत कुणी शोधत नाही. उलट रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. शिवाय रोज न येणारं पाणी माणसं जास्त भरून ठेवतात. हौद, गच्चीवरची टाकी, ड्रम, कळशा. आणि ताजं पाणी सुटलं की उरलेलं 'शिळं' पाणी अंगणात ओततात. टंचाईच्या शहरात ही नासाडी होते आणि ती करणाऱ्याला दोषही देता येत नाही, कारण पुढचं पाणी किती दिवसांनी आणि कसं येईल हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कराडजवळच्या मलकापूर ह्या छोट्या गावाने चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर, असं करून दाखवलं. लातूरएवढ्या शहरात ते एकदम होणार नाही, पण एकेका टाकीचं क्षेत्र घेऊन होऊ शकतं. मीटर म्हटलं की लातूरकर सावध होतो, आणि त्याला कारण आहे. 2008 च्या सुमारास शहराचं पाणी खासगी व्यवस्थेकडे देण्याचा प्रयोग झाला, त्याला मोठा विरोध झाला आणि तो फसला. मीटर म्हणजे खासगीकरण ही गाठ तेव्हा पडली. ती सोडवणं हे अभियंत्याचं काम नाही, नगरसेवकाचं आहे.

सांडपाण्याचं नागपूरकडून घेण्यासारखं. तिथे महापालिका रोज 13 कोटी लिटर सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना राबवते, तेवढं ताजं पाणी वाचतं. लातूरची औद्योगिक वसाहत मांजराचंच पाणी पिते. त्यातला जो वापर धुण्या-थंड करण्याचा आहे, त्याला धरणाचं पाणी लागू नये.

आणि पुढची वाढ? 2001 ला शहर 3 लाखांच्या आसपास होतं, 2011 ला 3.83 लाख. 5 लाखांवर वर्षाला 2 टक्के वाढ धरली, तर तीस वर्षांत 9 लाख. आजच्याच दराने वर्षाला 45 दलघमी. दोन वर्षांची शिदोरी तेव्हा एकट्या मांजरातून काढायची, तर भरलेल्या वर्षीही शेतीला फार थोडं उरेल. गळती, मीटर आणि पुनर्वापर ही कामं आधी केली, तर दूरच्या पाण्याची वाहिनी किती जाड लागेल हे प्रामाणिकपणे ठरवता येईल. नाहीतर आपण कोयनेचं पाणी आणून ते बार्शी रोडच्या फुटक्या वाहिनीतून सोडू.

त्यानंतर

2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांनी 'जलयुक्त लातूर' ह्या लोकचळवळीतून पैसे गोळा करून साई ते नागझरी असं सुमारे 18 किलोमीटर मांजरेचं पात्र खोल-रुंद केलं. काठावर उभं राहून पाहणाऱ्यांना पहिल्यांदा आपली नदी किती गाळाने भरली होती ते कळलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुफान पाऊस झाला, पात्र भरलं, धरण भरलं. लोक धनेगावला पाणी पाहायला गेले, ओटी भरून आले. गाडीचे फोटो जुने झाले.

2018 चा पाऊस पुन्हा हुकला. 2019 च्या गणपतीत शहरात विसर्जनाला पाणी नव्हतं. मूर्ती विसर्जित करू नका, दान करा, असं आवाहन करावं लागलं. जलदूतला तीन वर्षं झाली होती. आणि सप्टेंबर 2021 मध्ये त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले, मांजरेकाठची सोयाबीन पाण्याखाली गेली. तेलंगणाच्या दिशेने त्या आठवड्यात जे वाहून गेलं ते कुठेही अडवता आलं नसतं. पण पूर ओसरल्यावर धरणात जे काठोकाठ उरलं होतं, त्याची वाटणी 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर, नेहमीप्रमाणे पुढच्या पावसाळ्यापर्यंतच्या हिशेबानेच व्हायची होती.